जुन्या शेडमध्ये मातीचा इनडोअर बीएमएक्स ट्रॅक करायचाय, आकार आणि माती दोन्हीबद्दल सांगा

कृष्णाकाठ_सायकल

नमस्कार मंडळी. जयसिंगपूरजवळ माझ्या मामांचं एक शेड रिकामं पडलंय, आधी पशुखाद्याचं गोडाऊन होतं. पीईबी शेड आहे (कारखान्यात तयार केलेल्या लोखंडी फ्रेम जोडून उभं केलेलं), 100 बाय 250 फूट, मधे एकही खांब नाही, खाली ट्रिमिक्सची म्हणजे काँक्रीटची फरशी, कडेची उंची 20 फूट आणि मधल्या धारेला अजून जास्त. मामा म्हणाले सध्या तरी कुणी भाड्यानं घेत नाही, तुला पोरांसाठी काय करायचं ते कर.

आमच्याकडं 8 ते 16 वयाची बरीच पोरं-पोरी आहेत, ओढ्याकाठच्या पडीक जागेवर मातीचे उंचवटे करून सायकली पळवतात. काहींच्याकडं खरी 20 इंची बीएमएक्स, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीची छोटी सायकल, आहे, बाकीच्यांच्या साध्या सायकली. पण जून उजाडला की खेळ संपतो, दोन पावसात उंचवटे बसतात, आणि आमची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, चाकाला आणि ब्रेकला अशी धरते की सायकल उचलून आणावी लागते, मग पार दिवाळीपर्यंत काही नाही. जी पोरं चांगली तयार झालेली असतात त्यांचा जोर चार-पाच महिन्यात उतरतो आणि त्यातली काही परत येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आत छपराखाली नीट रेसिंग ट्रॅक करायचाय, पंप ट्रॅक (पेडल न मारता अंगाच्या झोक्यानं उंचवट्यांवरून फिरायचा) नाही, म्हणजे वर गेट (पुढचं चाक टेकवून उभं राहायची, सुरुवातीला पडणारी आडवी फळी), गेटवरून सगळे एकदम खाली, मग जंप, मग वळण, असा. नेटवर जे बघतो ते सगळं ऑलिंपिकच्या मापाचं, 8 मीटरची टेकडी वगैरे, ते आपल्याला झेपणारं नाही आणि गरजही नाही. तर एवढ्या जागेत काय बसेल, सुरुवातीची टेकडी किती उंच ठेवावी, माती कुठली आणि किती लागेल, आणि आत धुरळा झाला तर पोरांच्या छातीचं काय, हे कुणी केलंय किंवा जवळून बघितलंय का? खर्चाचं मी बघतो, आधी चुकीचं काही बांधून ठेवायला नको.

---

रोलर_कराड

भाऊ, पहिल्यांदा मनापासून अभिनंदन, असं काही कुणी करतंय हेच भारी आहे. मी मातीकामाचा ठेकेदार, रस्ते आणि शेततळी करतो, आणि हौसेनं डोंगरात सायकलचे ट्रेल पण केलेत, त्यामुळं दोन्ही बाजूनं सांगतो.

जंपचा विचार आत्ता बाजूला ठेव. सगळे जंपपासून सुरू करतात, आणि शेडमध्ये तिथंच घोळ होतो. उघड्या माळावर जागा कमी पडली तर चार मीटर सरकता येतं, शेडमध्ये भिंत सरकत नाही. म्हणून आधी दोन्ही टोकं काढायची, म्हणजे वळणं आणि शेवटी थांबायची जागा, आणि मधे जी लांबी उरेल ती जंपांची.

तुझं शेड मीटरमध्ये साधारण 30 बाय 76. चारी बाजूला एक मीटर मोकळा ठेव (का ते खाली सांगतो), मग राहिलं 28 बाय 74. यात चार सरळ पट्टे शेजारी शेजारी आणि तीन वळणं बसतात, जाऊन-येऊन जाऊन-येऊन असा साप. पट्टा साडेचार मीटर रुंद धर. आता सगळे पट्टे सारख्या अंतरावर टाकू नको. पहिल्या वळणावर पोरं सगळ्यात जोरात आणि घोळक्यानं येतात, तिथं जागा जास्त लागते. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यरेषांमधलं अंतर साडेनऊ मीटर ठेव, पुढची दोन्ही सात-सात. बेरीज कर, 23.5 अधिक पट्ट्याची रुंदी 4.5, बरोबर 28. म्हणजे पहिल्या वळणाची त्रिज्या पावणेपाच मीटर आणि पुढच्या दोन्हीची साडेतीन.

वळणाचा बांध, म्हणजे बाहेरच्या कडेचा मातीचा चढ, किती उभा लागेल त्याचं गणित साधं आहे, वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले 9.8), आलेला आकडा म्हणजे कोनाचं टॅन. पोरगं सेकंदाला 7 मीटरनं आलं आणि त्रिज्या 4.75 असली तर 46 अंश येतात. पुढच्या छोट्या वळणांवर 6 मीटरनं आलं तरी तेवढेच. म्हणजे 45 च्या वर उभा बांध, सव्वा ते दीड मीटर उंच. हे लक्षात घे कारण हौशी ट्रॅकवर बांध नेहमी 25-30 अंशाचे दिसतात, मग पोरं बाहेर फेकली जातात नाहीतर ब्रेक मारत वळतात आणि रेसची मजाच जाते. बांधाच्या पायथ्यापासून वर कोन हळूहळू वाढत गेला पाहिजे, खाली 15-20 आणि वर 50, म्हणजे लहान पोरगं खालून जाईल आणि मोठं वरून.

एकूण लांबी 240-245 मीटरपर्यंत भरेल. यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात ट्रॅक 300 ते 400 मीटर लागतो, त्यामुळं अधिकृत स्पर्धेचा ट्रॅक हा होणार नाही, पण सरावाला भरपूर आहे. आणि या आराखड्यात सुरुवात आणि शेवट एकाच टोकाला येतात, पोरं संपवून परत लगेच टेकडीवर, मधे ट्रॅक ओलांडायला लागत नाही. हा मोठा फायदा.

टेकडी अडीच मीटर. पेडल न मारता नुसतं उतरलं तरी अडीच मीटरला ताशी 25 किलोमीटर येतात, वर पोरं पेडल मारणारच. 3 मीटर केली तर 27-28, 5 मीटरला 36. आपल्या पहिल्या वळणाच्या त्रिज्येला 25-28 च्या वर वेग नको. दुसरं, पीईबीच्या फ्रेमचा कोपरा, जिथं खांब आणि वरची तुळई जोडलेली असते, तो खाली उतरलेला असतो. कडेची उंची 20 फूट म्हणतोस पण त्या कोपऱ्याखाली 16-17 च मिळतील. पहिला पट्टा भिंतीकडेला असल्यामुळं टेकडी तिथंच येणार. म्हणून टेकडीचा सपाट माथा दोन फ्रेमच्या मधल्या गाळ्यात बसव, एका गाळ्यात 5 मीटरचा माथा सहज मावतो. पुढची फ्रेम येईपर्यंत पोरं खाली उतरलेली असतात. टेकडी मातीची करू नको, चॅनेल-अँगलचा सांगाडा आणि वर जाड प्लायवूड, इचलकरंजीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. खाली सायकली ठेवायला खोली पण मिळते.

माती: पट्ट्यांची सरासरी उंची अर्धा मीटर धरली तर पाचशे घनमीटर, तीन बांधांची नव्वदच्या आसपास. म्हणजे दाबून बसलेली 600 घनमीटर, सव्वादोनशे ब्रासच्या आत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सुटी माती दाबल्यावर बसते, तेव्हा 260-270 ब्रास मागवायची तयारी ठेव. मुरूम उचलायचा तर तहसीलमधून गौण खनिजचा परवाना आणि रॉयल्टीची पावती लागते, गाडीवाल्याकडं वाहतूक पास आहे का बघितल्याशिवाय एक गाडी आत घेऊ नको.

आता एक मीटर मोकळा का. पत्र्याची भिंत ही भिंत नसते, तिला माती टेकवली की पत्रा फुगतो आणि खालून गंजतो. खांबाच्या बेसप्लेटला तर ओली माती अजिबात लागू द्यायची नाही, बोल्ट खाल्ले की सगळं शेड धोक्यात. शिवाय चालायला, पाणी मारायला वाट लागतेच.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. जयसिंगपूरजवळ म्हणजे नक्की कुठं? 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? शेडमध्ये एक फूट जरी पाणी येत असलं तर हे सगळं सोडून दे, दुसरी जागा बघ.

---

टल्साची_आई

मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षं ओक्लाहोमात. माझा मुलगा आणि मुलगी दोघं बीएमएक्स रेस करतात. वाचून फार आनंद झाला!

आमच्या टल्सा गावात दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, यूएसए बीएमएक्स या संस्थेची ग्रँड नॅशनल्स ही शर्यत होते, ती पूर्णपणे इनडोअर. एक्स्पो स्क्वेअर म्हणून जत्रेचं मैदान आहे, तिथल्या प्रचंड हॉलमध्ये मधे खांबच नाही, छप्पर केबलवर टांगलेलं आहे. ट्रकनं माती आत आणतात, थोड्या दिवसात ट्रॅक उभा करतात, शर्यत झाली की सगळं उचलून नेतात. त्याच हॉलमध्ये जानेवारीत चिली बोल म्हणून छोट्या मोटारींची मातीवरची शर्यत असते, तीही छपराखाली. म्हणजे छपराखाली माती टाकून खेळणं इथं नवीन नाही, रीतसर चालतं, त्यामुळं तुमच्या मामांना कुणी वेड्यात काढलं तर खुशाल हे सांगा.

मला आई म्हणून ज्या गोष्टी दिसतात त्या सांगते, इंजिनिअरिंग वरच्या दादांनी छान सांगितलंय.

रेसच्या बीएमएक्सला एकच ब्रेक असतो, मागचा. हे नवीन लोकांना माहीत नसतं. शेवटच्या रेषेवर पोरं सगळा जीव लावून पेडल मारत येतात, मान खाली, आणि रेष ओलांडली की मग ब्रेक धरतात. ताशी 35 च्या वेगात नुसत्या मागच्या ब्रेकनं थांबायला 15-16 मीटर लागतात आणि धुळीवर चाक घसरलं तर जास्त. तुमच्या आराखड्यात शेवटचा पट्टा थेट पत्र्याच्या भिंतीकडे येतोय. म्हणून रेष भिंतीच्या किमान 20 मीटर आधी आखा, पुढचा भाग थोडा चढा करा आणि भिंतीला गाद्या उभ्या करा. चौथा पट्टा आखूड होईल, होऊ दे. इथं नवीन ट्रॅकवर मी सगळ्यात आधी तेच बघते, बाकी ट्रॅक कसाही असो.

खांबांना कमरेच्या वरपर्यंत फोम गुंडाळा, दोन पट्ट्यांच्या मधे जिथं पोरगं पडून शेजारच्या पट्ट्यात जाऊ शकतं तिथं मातीचा बुटका वरंबा ठेवा. फुलफेस हेल्मेट, हातमोजे आणि लांब बाह्या नसतील तर गेटवर उभं करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून, कुणाच्या नातेवाइकाला सूट नाही.

गेटबद्दल: इथलं गेट हवेच्या सिलिंडरवर चालतं, पुढं आडवं पडतं. आधी आवाज येतो, रायडर्स रेडी, वॉच द गेट, आणि मग गेट किती वेळानं पडेल हे दर वेळी वेगळं असतं, 0.1 ते 2.7 सेकंदाच्या मधे कधीही, म्हणजे कुणी अंदाजानं निघू शकत नाही. कॉम्प्रेसर, सिलिंडर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह एवढंच लागतं. पण सुरुवातीला दांड्यानं हातानं पाडायचं गेट केलं तरी चालेल. फक्त गेट पडतं त्या जागेत कुणी पाय ठेवणार नाही अशी आडकाठी हवी, गेट जड असतं आणि लहान भावंडं बघायला तिथंच येऊन उभी राहतात.

आणि एक विनंती, अगदी चिमुकल्यांसाठी पेडल नसलेल्या बॅलन्स बाइकला टेकडीखालून सुरुवात ठेवा. इथं 5 वर्षांखालची पोरं तशीच सुरू करतात आणि त्यांचे आईवडील ट्रॅकची सगळी कामं करायला स्वतःहून येतात. ट्रॅक शेवटी त्याच लोकांवर चालतो.

---

मैदानकर_नाना

मी आयुष्यभर क्रिकेटच्या पिचवर माती आणि रोलर केला, सायकलचं मला कळत नाही, मातीचं कळतं ते सांगतो.

तुमच्याकडं नदीकाठी जी काळी माती आहे ती या कामाला वापरू नका. पिचला आम्ही काळी माती घेतो हे खरं, ती दगडासारखी होते, पण ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. पिच सपाट असतं, जाड असतं, भेगा पडल्या तर रोलर फिरवून दाबता येतात. तुमच्या जंपच्या काठाला आणि उभ्या बांधाला भेग पडली की तो ढपलाच सुटणार. तलावातला गाळ फुकट मिळेल म्हणून कुणी सांगेल, गाळमुक्त धरण योजनेत लोक नेतात, तो शेतासाठी चांगला, तुमच्यासाठी नाही.

खाली भरावाला मुरूम घ्या, खडीसारखा मोठा नको, हातानं चुरडला तर थोडा फुटेल असा. वरच्या 12-15 सेंटीमीटर थराला चाळलेला बारीक मुरूम आणि पन्हाळा-आंबा बाजूची तांबडी चिकण माती मिसळा. तिकडची जांभ्या दगडाची माती फुगत नाही आणि धरून बसते. चाळणीला 6 मिलिमीटरच्या वरचा खडा राहू देऊ नका, पोरगं पडलं तर खडाच लागतो.

चिकणपणा किती आहे ते बघायला प्रयोगशाळा नको. काचेची बरणी अर्धी मातीनं भरा, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसेल, पोयटा दोन-तीन तासात, आणि चिकण भाग दुसऱ्या दिवसापर्यंत बसत राहील. पट्टीनं थर मोजा. चिकण भाग चौथ्या हिश्श्याच्या आसपास असला तर उत्तम. पाचव्याच्या खाली गेला तर माती सुटेल, तिसऱ्याच्या वर गेला तर भेगा पडतील.

ओल कशी ओळखायची: मुठीत माती घेऊन लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून खाली टाका. दोन-तीन तुकडे झाले तर दाबायला योग्य. भुगा झाला तर पाणी कमी, नुसता चपटा झाला तर जास्त, त्या दिवशी रोलर लावू नका, घरी जा. एका वेळी सहा इंचाचाच थर, प्लेट कॉम्पॅक्टर नाहीतर धुमस, मग पुढचा थर. जेसीबीनं डोंगर ओतायचा आणि वरून फावड्यानं आकार द्यायचा असं केलंत तर महिन्याभरात मधून बसेल. बांधाचा उतार करताना थोडा जादा जाड करून दाबा आणि मग धारदार फावड्यानं तासा. तासलेला पृष्ठभाग दाबलेल्या मातीचाच असतो, वरून लिंपलेला राहत नाही.

---

कृष्णाकाठ_सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

दादा, शेड उंचवट्यावर आहे, 2019 आणि 2021 दोन्ही वेळेला पाणी आलं नव्हतं, उलट गावातली जनावरं तिथं बांधली होती. फ्रेमच्या कोपऱ्याखाली आज मोजून बघितलं, 16 फूट 4 इंच. दोन फ्रेममधलं अंतर साडेसात मीटर.

ताई, थांबायच्या जागेचं आमच्या डोक्यातच नव्हतं, मी रेष अगदी दारापाशी धरली होती. आता मागं घेतो. पण मग चौथा पट्टा फारच छोटा होतोय, त्यापेक्षा तीनच पट्टे करावेत का?

नाना, पन्हाळ्याकडची माती आणायची ठरवलंय. पण धुरळ्याचं राहिलं. आमच्या इथं एकानं सुचवलं की शेणानं सारवा, दुसरा म्हणाला जळकं ऑईल मारा, आणि एक फार्मवाला म्हणाला कॅल्शियम क्लोराइड मारलं की धूळ उडत नाही. यातलं काय करू?

---

मँचेस्टरचा_पुणेकर

जळकं ऑईल अजिबात नको, त्यात जड धातू असतात, पोरं त्यावर पडणार, हातानं माती झाडणार आणि त्याच हातानं डबा खाणार. आगीचा धोका वेगळाच, आणि उतारावर घसरगुंडी. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडनं धूळ खरंच बसते, हवेतली ओल ओढून घेतं, घोड्यांच्या इनडोअर रिंगणात लोक वापरतात. पण ते मीठ आहे. तुमच्या शेडचे खांब लोखंडी, पत्रा लोखंडी, सायकलच्या चेन लोखंडी. पावसाळ्यात आपल्याकडं हवेत आधीच एवढी ओल असते की ट्रॅक चिकचिकत राहील. शेणाचं सारवण चालायच्या जमिनीवर छान, पण जंपच्या काठावर टायर रोज खरवडणार, तिथं टिकणार नाही असं माझं मत, शिवाय ओलं असताना घसरतं.

दोन गोष्टी करा. पहिली, रोज संध्याकाळी सराव संपल्यावर बारीक झारीनं पाणी आणि वरून ब्रश. इनडोअर मातीला पाऊस लागत नाही, दव पडत नाही, त्यामुळं ती परत बांधलीच जात नाही, सुकते आणि पीठ होते. तेव्हा पाऊस तुम्हीच द्यायचा. दुसरी, पॉलिमरचं सॉइल स्टॅबिलायझर मिळतं, पाण्यात मिसळून फवारतात, रस्त्याच्या कामात आणि खाणीच्या रस्त्यांवर वापरतात. आधी जंपचे काठ आणि बांध एवढ्यावरच मारा, तिथंच माती सुटते. महाग वाटलं तर बाकी ट्रॅकला नंतर. धुळीसाठी छपरावर टर्बो व्हेंटिलेटर आणि दोन्ही टोकांना एक्झॉस्ट फॅन हवेतच, उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी सराव ठेवूच नका, सकाळी आणि दिवेलागणीनंतर.

वळणांबद्दल एक पर्याय सांगतो. मोठ्या ट्रॅकवर वळणाचे बांध डांबरी असतात, मातीचे नाही, कारण सगळ्यात जास्त झीज तिथंच होते. तुम्ही आत्ता मातीचेच करा, पण एक वर्ष चालवून आकार पक्का झाला की त्यावर पातळ डांबर किंवा काँक्रीटचा थर देता येईल. आधी देऊ नका, वळण चुकलं तर फोडावं लागतं.

इथं मँचेस्टरला वेलोड्रोमच्या (सायकल शर्यतीचं बंदिस्त मैदान) शेजारी 2011 मध्ये इनडोअर बीएमएक्स अरेना उभं राहिलं, 2000 लोक बसतात, 5 आणि 8 मीटरच्या दोन टेकड्या आहेत, बीएमएक्सच्या सुपरक्रॉस वर्ल्ड कपच्या फेऱ्या तिथं झाल्यात. ब्रिटनमध्ये पाऊस वर्षभर, त्यामुळं छपराखालच्या ट्रॅकचं महत्त्व इथल्या लोकांना नीट कळतं. मी तिथं प्रेक्षक म्हणून जातो आणि दर वेळी बघतो की संध्याकाळच्या सत्रात सगळ्यात जास्त गर्दी 5 मीटरच्या टेकडीवर असते, लहान पोरांची. टोकियो ऑलिंपिकला 2021 मध्ये ब्रिटनच्या बेथनी श्रिव्हरला सुवर्ण आणि काय (Kye) व्हाइटला रौप्य मिळालं, तो व्हाइट दक्षिण लंडनच्या पेकहॅम बीएमएक्स क्लबमधला, तो काही श्रीमंतांचा क्लब नाही, वस्तीतल्या पोरांचा आहे. म्हणून म्हणतो, अडीच मीटरची टेकडी कमी समजू नका.

जंप: पहिल्या वर्षी मधे खड्डा असलेली डबल जंप एकही नको. सगळे टेबलटॉप, म्हणजे वर सपाट. जे उडेल ते पलीकडच्या उतारावर उतरेल, जे नाही उडणार ते नुसतं वरून लोळत जाईल, मधल्या खड्ड्यात पडणार कुणी नाही. पोरं तयार झाली की त्यातला एखादा मधून कोरून डबल करता येतो. पहिल्या पट्ट्यावर एक बुटका रोलर (मातीचा गोल उंचवटा) आणि एक लांब टेबलटॉप, बस. गेटवरून आल्यावर पेडल मारायला जागा लागते. दुसऱ्यावर मोठा टेबलटॉप आणि स्टेप-अप, म्हणजे उडून वरच्या पातळीवर उतरायची जंप. तिसऱ्यावर रोलरची रांग, 30 सेंटीमीटर उंच आणि एकमेकांपासून 3 मीटर, हा हिशोब पंप ट्रॅकवर चालतो आणि 20 इंची चाकाला बरोबर बसतो.

---

रोलर_कराड

पट्टे चारच ठेव. तीन केलेस तर वळणं मोठी मिळतील, वेग वाढेल, पण शेवट टेकडीच्या विरुद्ध टोकाला जाईल आणि पोरांना परत यायला ट्रॅकच्या कडेनं 70 मीटर चालत यावं लागेल, समोरून रेस येत असताना. चौथा पट्टा 30-32 मीटरचा राहिला तरी चालतो, त्यात एकही जंप नको, दोन बुटके रोलर आणि सरळ पेडल. शेवटच्या वळणातून जो पुढं निघेल त्याला तिथं गाठता आलं पाहिजे, रेसची खरी मजा तीच.

कामाचा क्रम आता ठरव. पावसाळ्यात गाड्या भरणं पण जमत नाही आणि शेडमध्ये माती वाळत पण नाही, म्हणून मातीकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी. त्याआधी फरशीवर चुन्यानं पूर्ण आराखडा मापात आख, दोऱ्या बांध, आणि पोरांना नुसत्या सपाट फरशीवर त्या रेषांमधून सायकली चालवायला लाव. कुठल्या वळणावर घोळका होतो, कुठं हँडल हँडलला लागतं, ते एक ब्रास माती न टाकता कळतं. पहिल्या वळणाला चौघं एकदम घाल, आठ नको. गेट पण चार जणांचंच कर, चार मीटर रुंद. तुझ्या साडेचार मीटरच्या पट्ट्याला आठ जण झेपणार नाहीत.

माती टाकताना आतल्या टोकापासून दाराकडं येत ये. म्हणजे आधी पहिलं आणि तिसरं वळण, ती दोन्ही दाराच्या विरुद्ध टोकाला येतात, मग मधले पट्टे, मग दुसरं वळण, शेवटी टेकडी आणि थांबायची जागा. हायवा (मोठा टिपर) मधे उलटायला 8 मीटर उंची लागते, तुझ्या शेडमध्ये तो ट्रॉली उचलेल तेव्हा छपराला लागेल. म्हणून माती दाराबाहेर ओतून घे आणि बॉबकॅटनं (छोटा लोडर) आत ने. बॉबकॅटवाल्याला एकच सांग, वळणाच्या बांधावर चाक चढवायचं नाही, ते सगळं हातानं आणि प्लेटनं.

चुन्याच्या रेषा मारल्या की वरून एक फोटो टाक, टेकडीच्या ठिकाणावरून काढलेला. मी पुढच्या महिन्यात सांगलीला कामावर आहे, तेव्हा टेप घेऊन येतो.

---

मैदानकर_नाना

मातीची पहिली गाडी यायच्या आधी बरणीचा प्रयोग करा, गाडी आल्यावर नाही. आणि वेगवेगळ्या खाणीतली माती आली तर प्रत्येकीची वेगळी बरणी लावा, वर चिठ्ठी चिकटवा. एकाच डोंगराच्या दोन बाजूंची माती सारखी नसते.

---

कृष्णाकाठ_सायकल

नाना, उद्याच पन्हाळ्याकडच्या दोन ठिकाणची आणि उदगावच्या खाणीतली अशा तीन बरण्या लावतो, थर मोजून आकडे इथंच टाकतो. दादा, या रविवारी पोरांना घेऊन चुना मारतोय. बॉबकॅटचं भाडं दिवसावर घ्यावं की तासावर, हे तेवढं सांगा.

---

रोलर_कराड

तासावर. पहिले दोन दिवस तो नुसता माती आत नेईल, तेव्हा सलग चालेल. नंतर तू थर दाबत असताना दिवसातून दोन-तीन तासच लागेल, दिवसाचं भाडं वाया जाईल. डिझेल कुणाचं ते आधी कागदावर लिहून घे.